औषधाच्या शोधांत संगणक

ठाण्याहून कशेळी व काल्हेर ओलांडून भिवंडीच्या वाटेला लागलें कीं पूर्णा हें गांव येतें. एकेकाळीं भातशेतीवर जगणाऱ्या या टापूंत आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. कापड, यंत्रें, घरगुती सामान यांच्याबरोबर औषधांचीं खोकींही येथें उतरतात आणि येथून गांवोगांवच्या दुकानांकडे रवाना होतात. खोक्यावर औषधाचें नांव, तें तयार झाल्याचा महिना, वापरण्याची मुदत आणि किंमत छापलेली असते. माल उचलणाऱ्या हमालाला आणि नोंद करणाऱ्या कारकुनाला तीं अक्षरें पाठ झालेलीं असतात. एक गोष्ट मात्र त्या खोक्यावर कोठेंच नसते. लाखों पदार्थांतून नेमका हाच पदार्थ औषध म्हणून कोणीं व कसा निवडला, हें तें खोकें सांगत नाहीं. या निवडीच्या कामांत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत संगणकानें मोठा वाटा उचलला आहे. तो वाटा किती, त्याची मर्यादा कोठें, आणि या कामांत आपल्याकडील मुलामुलींना कितपत जागा आहे, हें समजून घेणें औषधांच्या वाटेवर राहणाऱ्या लोकांना तरी अगत्याचें आहे.

औषधाचें कार्य समजण्यास कुलूप आणि किल्ली यांची उपमा सोयीची पडते. ही उपमा एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८९४ सालीं योजिली. मनुष्याच्या शरीरांत, तसेंच रोगजंतूंच्या देहांतही, प्रथिनें नांवाचे मोठे रेणु असतात. अन्न पचविणें, निरोप पोंचविणें, नवे घटक घडविणें हीं कामें तीं करतात. प्रथिन हा मुळांत एक लांबच लांब धागा असतो. तो गुंडाळला जाऊन त्याला ठराविक आकार येतो आणि त्या आकारांत एखादी खोबण राहते. त्या खोबणींत बरोबर बसणारा लहानसा रेणु मिळाला, तर त्या प्रथिनाचें काम थांबवितां येतें किंवा वाढवितां येतें. बहुतेक औषधें हीं अशींच किल्लीसारखीं असतात. तेव्हां नवें औषध शोधणें म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या कुलपाची किल्ली शोधणेंच होय.

पूर्वीं ही किल्ली बहुधा योगायोगानें सांपडे, किंवा हजारों पदार्थ एकामागून एक तपासून पाहावे लागत. कुलूपच दिसत नसल्यामुळें दुसरा उपाय नव्हता. पुढें प्रथिनांचे स्फटिक करून त्यांतून क्ष-किरण सोडण्याची युक्ति साधली, आणि किरण कसे विखुरतात यावरून प्रत्येक अणूची जागा गणितानें काढतां येऊं लागली. अशा आराखड्यांचें एक जागतिक भांडार १९७१ सालीं सुरू झालें. त्या वेळीं त्यांत अवघे ७ आराखडे होते. आज ते दोन लाखांहून अधिक आहेत, आणि पूर्णा गांवांतील विद्यार्थ्यालाही ते घरबसल्या, एक पैसा न देतां पाहतां येतात. कुलूप दिसूं लागल्यावर त्यांत किल्ली बसवून पाहण्याचें काम संगणकाकडे देण्याची कल्पना निघाली. सॅन फ्रॅन्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत अर्विन कुंट्झ व त्यांचे सहकारी यांनीं तशी पहिली रीत १९८२ सालीं प्रसिद्ध केली.

ही रीत साधारणपणें अशी चालते. समजा, एका प्रथिनाची खोबण ठाऊक आहे आणि दहा लाख रेणूंची यादी हातीं आहे. संगणक एकेक रेणु घेतो, तो खोबणींत निरनिराळ्या अंगांनीं फिरवून बसवितो, आणि दोहोंचा मेळ किती जमतो याला गुण देतो. एका रेणूचा विद्युद्भार धन असेल आणि खोबणींत समोर ऋण असेल, तर गुण वाढतात. अणु एकमेकांवर आदळत असतील, तर कमी होतात. त्यानंतर दुसरी चाळणी लागते. गोळी पोटांतून रक्तांत उतरेल काय, यकृत तिचा तत्काळ निकाल लावील काय, हृदयाला तिच्यापासून अपाय होईल काय, याचे अंदाज केले जातात. ख्रिस्तोफर लिपिन्स्की यांनीं १९९७ सालीं याविषयीं कांहीं सोपे ठोकताळे घालून दिले. रेणुभार ५०० च्या वर गेल्यास तोंडानें घेतलेलें औषध नीट शोषलें न जाण्याचा संभव वाढतो, हा त्यांतील एक. अशा चाळणींतून दहा लाखांचे शंभर-दोनशें उरले, तर रसायनशाळेंत तेवढेच पदार्थ प्रत्यक्ष तपासले म्हणजे पुरतें. वेळ वाचतो, पैसा वाचतो, आणि प्रयोगाचीं जनावरेंही वाचतात.

या रीतीचें एक बोलकें उदाहरण फ्ल्यूच्या औषधाचें आहे. फ्ल्यूच्या विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असतें. त्याच्या योगानें नवे विषाणु एका पेशींतून सुटून दुसरीकडे जातात. त्या प्रथिनाचा आराखडा ऑस्ट्रेलियांत १९८३ सालीं मिळाला. खोबणींत बसणारा एक रेणु आधींच ठाऊक होता, पण त्याची पकड सैल होती. मार्क फॉन इट्झस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं संगणकाकडून त्या खोबणीची तपासणी करविली, तेव्हां एका बाजूला ऋण विद्युद्भाराची मोकळी जागा असल्याचें दिसून आलें. किल्लीच्या त्या टोकाला धन विद्युद्भाराचा एक नवा दांता बसविला, आणि पकड हजारों पटींनीं घट्ट झाली. त्यांतून झानामिव्हिर हें औषध १९९९ सालीं रोग्यांच्या उपयोगास आलें. दांता कोठें हवा तें संगणकानें दाखविलें. तो बसविला रसायनशास्त्रज्ञांनीं. आणि तो गुणकारी आहे हें ठरलें रोग्यांवरील चाचणीनें. श्रमाची ही विभागणी ध्यानांत ठेवणें जरूर आहे.

कारण संगणकाचें गुणदान हा अखेर अंदाज आहे. आराखड्यांत प्रथिन स्थिर दिसतें. शरीरांत तें क्षणोक्षणीं हालत असतें आणि त्याच्याभोंवतीं पाण्याचे रेणु घोंटाळत असतात. ही हालचाल गणितांत आणावयाची, तर एका सेकंदाचे एक कोटी भाग करावे, त्या प्रत्येक भागाचे पुन्हां दहा कोटी भाग करावे, आणि अशा एकेका सूक्ष्म भागासाठीं सर्व अणूंचें स्थान नव्यानें काढावें, असा हिशेब पडतो. अणूंच्या वर्तनाचें हें गणित संगणकावर मांडण्याचा पाया घातल्याबद्दल मार्टिन कारप्लस, मायकेल लेव्हिट व एरिए वॉर्शेल यांना २०१३ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. इतकें होऊनही मनुष्यावरील चाचणीपर्यंत पोंचलेल्या दहा नव्या औषधांपैकीं सुमारें नऊ अपयशी ठरतात, आणि यशस्वी औषधाला आरंभापासून बाजारांत येईपर्यंत दहा ते पंधरा वर्षें लागतात. संगणकानें शोधाचा पहिला टप्पा आंखूड केला. पुढला डोंगर अद्याप पायींच चढावा लागतो.

आतां प्रश्न असा कीं, हा डोंगर भारतानें चढावाच कां? त्याचें उत्तर कायद्यांत आहे. १९७० च्या पेटंट कायद्यानें आपल्याकडे औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी मिळत नसे; केवळ तो तयार करण्याच्या कृतीवर मिळे. त्यामुळें परदेशीं शोधलेलें औषध वेगळ्या कृतीनें करून स्वस्तांत विकणें भारतीय कारखान्यांना शक्य झालें. मुंबईच्या सिप्ला कंपनीनें २००१ सालीं एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा ३५० डॉलरांत देऊं केला, तो याच बळावर. त्यापूर्वीं पाश्चात्य देशांत त्याच उपचाराला दहा हजार डॉलरांहून अधिक पडत. परंतु जागतिक व्यापार कराराप्रमाणें २००५ पासून पदार्थावरही पेटंट देणें भाग झालें. नवीन औषधाची नक्कल करण्याची वाट त्यामुळें अरुंद झाली. दुसऱ्याची किल्ली घांसून तशीच बनविण्यांत आपले कारागीर निष्णात आहेत. आतां नव्या कुलपांच्या किल्ल्याही घडवावयास हव्यात.

या कामाची तयारी महाराष्ट्रांत बऱ्याच आधींपासून चालू होती. पुणें विद्यापीठांत डॉ. अशोक कोळस्कर यांच्या पुढाकारानें १९८७ सालीं जीवशास्त्र व संगणक यांची सांगड घालणारें केंद्र निघालें. तें आजही तेथें पदव्युत्तर शिक्षण देतें. १९८८ सालीं पुण्यांतच सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अमेरिकेचा महासंगणक मिळण्यांत अडचणी आल्या, तेव्हां अकोला जिल्ह्यांत जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं या संस्थेनें १९९१ सालीं परम ८००० हा स्वदेशी महासंगणक उभा केला. प्रथिनांचें व रेणूंचें गणित करण्यासाठीं सी-डॅकनें पुढें स्वतंत्र विभाग व स्वतंत्र यंत्रसामग्री ठेविली. १९५० पासून कार्य करणारी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा याच शहरांत आहे, आणि व्हीलाईफ सायन्सेस या पुण्यांतील कंपनीनें औषधी रेणूंच्या आराखड्यासाठीं स्वतःची संगणक-प्रणाली तयार केली.

पुण्यांतीलच नोव्हालीड या कंपनीची हकीकत विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. जुन्या, परिचित औषधांत दडलेले नवे गुण संगणकाच्या साह्यानें हुडकणें हें तिचें काम. एस्मोलॉल हें औषध हृदयाची वाढलेली गति आवरण्यासाठीं शिरेंतून देत असत. तें १९८६ पासून अमेरिकेंत मान्य आहे. मधुमेहामुळें पायाला होणाऱ्या, महिनोगणती न भरणाऱ्या जखमेवर तेंच औषध मलमासारखें वरून लावलें तर उपयोग होईल, अशी दिशा या कंपनीनें धरली. भारतांतील निरनिराळ्या रुग्णालयांत त्याची रीतसर चाचणी झाली आणि तिचा वृत्तांत २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांत, नेहमींच्या उपचाराबरोबर हें औषध मिळालेल्या ६८ रोग्यांपैकीं ४१ जणांची जखम पूर्ण भरली. केवळ नेहमींचा उपचार मिळालेल्या ७२ रोग्यांपैकीं ३० जणांची भरली. अशी जखम न भरल्यास कित्येकदां बोट किंवा पाय कापावा लागतो, आणि पायावर उभें राहून ओझें वाहणाऱ्या माणसाच्या बाबतींत त्याचा अर्थ घर बसणें असा होतो. हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्यांची किंमत कळते.

अलीकडे या शास्त्रानें आणखी एक उडी घेतली आहे. प्रथिनाचा धागा पाहून त्याचा आकार वर्तविणें हें पन्नास वर्षांचें अडलेलें कोडें होतें. २०२० सालीं आल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीनें तें बव्हंशीं सोडविलें, आणि २०२२ पर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाजी आराखडे सर्वांना खुले केले. डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना त्याबद्दल, आणि डेव्हिड बेकर यांना नवीं प्रथिनें रचण्याबद्दल, २०२४ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. मात्र कुलूप दिसलें म्हणून दार उघडलें, असें होत नाहीं. किल्लीची परीक्षा पूर्वींसारखीच राहिली आहे.

मग या क्षेत्रांत जाऊं इच्छिणाऱ्या मुलानें किंवा मुलीनें काय करावें? बारावीला विज्ञान घेऊन प्रवेशपरीक्षेच्या मार्गानें चार वर्षांची औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेणें, ही एक सरळ वाट. रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्राच्या पदवीनेंही तेथें पोंचतां येतें, आणि संगणकशास्त्राचा पदवीधरही रसायन शिकून या कामांत येऊं शकतो. दोन वर्षांची औषधनिर्माण पदविका दुकान चालविण्यास पुरेशी आहे, संशोधनास नाहीं, हें आरंभींच समजून घ्यावें. पदवीनंतर जीपॅट परीक्षेंत यश मिळाल्यास पदव्युत्तर शिक्षणाला दरमहा शिष्यवृत्ति मिळूं शकते. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, कलिना येथील बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी, आणि पुण्यांतील वर उल्लेखिलेल्या संस्था या विद्येचीं ठाणीं आहेत. त्यापुढें पीएच. डी. करणाऱ्या व राष्ट्रीय पात्रता परीक्षेंतून निवडल्या गेलेल्या कनिष्ठ संशोधकाला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये विद्यावेतन ठरलें आहे.

यांत खरी अडचण बुद्धीची नसून वर्षांची आहे. बारावीनंतर पदवीचीं चार, पुढचीं दोन, आणि संशोधनाचीं चार-पांच मिळून दहा-अकरा वर्षें होतात. गोदामांत त्याच वयाचा शेजारचा मुलगा पहिल्या महिन्यापासून पगार घरीं आणीत असतो. शिवाय अशा जागा थोड्या असून त्यांवर स्पर्धा मोठी आहे. हें लपवून मुलांना केवळ मोठ्या पगाराचें स्वप्न दाखविणें अन्यायाचें होईल. तथापि या विद्येचें एक औदार्य आहे. महागडी प्रयोगशाळा नसतांनाही तिचा आरंभ करतां येतो. प्रथिनांचे आराखडे विनामूल्य, रेणूंच्या याद्या विनामूल्य, किल्ली बसवून पाहण्याच्या कित्येक प्रणाली विनामूल्य. आणि आयआयटीच्या अध्यापकांनीं या विषयावर दिलेलीं व्याख्यानेंही विनामूल्य ऐकतां येतात. २०२० च्या जुलैंत, कोरोनाच्या सांथींत, भारत सरकारनें औषधशोधाची जी स्पर्धा जाहीर केली, ती विद्यार्थ्यांनाही खुली होती. एक साधा संगणक, इंग्रजी वाचण्याचा सराव, आणि रसायनशास्त्र पाठ न करतां समजून घेण्याची संवय, एवढ्या भांडवलावर पदवीचा विद्यार्थी पहिला धडा गिरवूं शकतो. या धड्यांत मन रमतें कीं नाहीं, हें दहा वर्षें पणाला लावण्यापूर्वीं सहा महिन्यांत कळून येतें. पालकांनीं तेवढे सहा महिने मुलांना अवश्य द्यावे.

त्यांतून प्रत्येकजण शोधक होईल असें नाहीं. कोणी कारखान्यांत गुणवत्ता तपासील, कोणी रुग्णालयांतील चाचण्यांची आंकडेवारी पाहील, कोणी महाविद्यालयांत शिकवील. हीं कामेंही औषधाच्या मार्गावरचींच आहेत. औषध साठविणें, मोजणें आणि वेळेवर पोंचतें करणें हें काम पूर्णा व आसपासचीं गांवें आज करीत आहेत, आणि तें कमी प्रतीचें नाहीं. फक्त औषधाच्या प्रवासाचें शेवटलें टोंक तेवढें आपलें, आणि पहिलें टोंक कायमचें परक्याचें, अशी वांटणी कोणीं ठरवून दिलेली नाहीं. पहिल्या टोंकाशीं आज एक संगणक आहे, आणि त्याच्यापुढें बसण्यासाठीं लागणारी बुद्धि या गांवांतील शाळांतही आहे.