जुनें रबर आणि नवें प्लास्टिक

पेण येथील गणपतीच्या कारखान्यांत पुष्कळ मूर्ति रबरी साच्यांतून काढल्या जातात, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. असा साचा जीर्ण होऊन फाटला, कीं तो वितळवून नवा करतां येत नाहीं. हमरस्त्यावर पंक्चरवाल्यांच्या दुकानांपुढें पडलेल्या टायरांचीही तीच गत. मेण वितळतें, लाख वितळते, प्लास्टिकची फुटकी बादलीही वितळते. रबर मात्र तापवीत गेल्यास जळून जातें.

याचें कारण गंधक होय. इ. स. १८३९ मध्यें अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर यांस असें आढळलें कीं, कच्चें रबर गंधकासह तापविलें असतां त्याचा चिकटपणा जातो व तें उन्हाथंडींत टिकतें. रबराच्या लांबच लांब रेणुतंतूंस गंधक ठिकठिकाणीं गांठी मारतो. चंचल पारा गंधकाबरोबर खलून त्याची कज्जली करणाऱ्या आमच्या रसवैद्यांची येथें सहज आठवण होते. मात्र ज्या गांठींनीं रबर टिकाऊ होतें, त्याच पुढें त्याच्या पुनर्जन्मास आड येतात.

पेणहून रोह्याकडे जातांना वाटेंत नागोठणें लागतें. तेथील मोठ्या कारखान्यांत पॉलिप्रॉपिलीन नांवाचें प्लास्टिक होतें. तें हलकें व स्वस्त खरें, पण कडक थंडींत ठिसूळ बनतें. म्हणून त्यांत रबराचे सूक्ष्म कण मिसळतात. तडा सरकत कणांपाशीं आला, कीं त्याचा जोर तेथें विभागला जातो व वस्तु फुटण्यांतून बचावते. मोटारींचे बंपर बहुधा अशाच मिश्रणाचे असतात.

मग टायरांचा भुगाच कां मिसळूं नये? खरी मेख येथेंच आहे. गांठी पडलेलें रबर प्लास्टिकाशीं एकजीव होत नाहीं. कण जाड असल्यास त्याच्या कडेलाच तडा सुरू होतो व माल उलट कमकुवत निघतो. भुगा घातला कीं काम झालें, असें सांगणाऱ्या व्यापाऱ्यावर आमचा तरी विश्वास बसत नाहीं. टायराचे तुकडे द्रवरूप नायट्रोजनानें गोठवून बारीक दळणें, उष्णता व घर्षण यांनीं कांहीं गांठी सोडविणें, दोहोंचें सख्य जुळविणारें तिसरें द्रव्य घालणें, असे उपाय करावे लागतात. ते खर्चाचे, म्हणून पुष्कळांस टायर भट्टींत घालून तेल काढणें परवडतें, आणि भट्टी नीट राखली नाहीं तर धूर शेजारच्या गांवांस सोसावा लागतो.

इ. स. २०२२ च्या केंद्रीय नियमांनीं जुन्या टायरांची जबाबदारी टायर बनविणारांवर व आयात करणारांवर टाकली आहे. तेव्हां या दळणास गिऱ्हाईक मिळण्याची आशा वाटते. टायरांत काजळी असल्यानें मिश्रण काळेंच राहतें. कुंड्यांस व पायपुसण्यांस तें चालेल, मुलांच्या डब्यास नव्हे.