बुद्रुकाची वंशावळ

जुन्नर तालुक्यातील कुकडीकाठचे बोरी बुद्रुक हे गाव तेथे सापडलेल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे भूवैज्ञानिकांत प्रख्यात आहे. परंतु त्या राखेच्या वयासंबंधी विद्वानांत जेवढी चर्चा झाली, तिच्या शतांशानेही सातबाऱ्यावर ‘बु.’ एवढ्याच अक्षरात आखडून बसलेल्या त्या उपपदाची विचारपूस कोणी केलेली दिसत नाही.

‘बुद्रुक’ हा ‘वृद्ध’ शब्दाचा अपभ्रंश असावा, अशी कल्पना करण्याचा मोह होतो खरा. पण त्याच्या जोडीला नांदणारा ‘खुर्द’, म्हणजे लहान, हा उघड फारसी, आणि ‘बुद्रुक’ हे त्याच फारसीतील ‘बुज़ुर्ग’, म्हणजे थोर. जुन्नरास 1490 मध्ये निजामशाहीचा पाया घातला गेला, त्या काळच्या दफ्तरांत एकाच नावाच्या दोन गावांचा जमाबंदीत घोटाळा होऊ नये म्हणून असली उपपदे फार सोयीची होती. मधला ‘उ’ ‘र’च्या पलीकडे सरकला की ‘ज़’ला ‘र’ येऊन भिडतो. आपल्या ‘जोर’मधील ‘ज’चा आरंभ मुळातच ‘द’सारख्या स्पर्शाने होतो, तेवढाच स्पर्श शिल्लक राहून ‘द्रु’ झाला, आणि अंत्य ‘ग’ कठोर होऊन ‘क’ झाला. याला अडाणी उच्चार म्हणणे अन्यायाचे आहे.

वंश मात्र याहून कितीतरी प्राचीन. इराणातील बेहिस्तूनच्या उंच कड्यावर इ.स.पू. 520 च्या सुमारास सम्राट दारयवहुने जो लेख कोरविला, त्याच्या पहिल्याच ओळीत तो स्वतःला ‘वज़्रक’, थोर राजा, म्हणवितो. कंपनीच्या मुंबई लष्करातील हेन्री रॉलिन्सन या अधिकाऱ्याने दोर व शिड्यांच्या आधाराने त्या लेखाच्या नकला उतरवून घेतल्या आणि त्याचे वाचन सिद्ध केले. ‘वज़्रक’चे मध्य फारसीत ‘वुज़ुर्ग’ झाले, पुढे ‘बुज़ुर्ग’; हिंदी-उर्दूत तोच शब्द वडीलधाऱ्या माणसाला लागला, मराठीत गावाला. ‘खुर्द’चा भाऊबंद ‘खुर्दा’ तर आपल्या खिशातच खुळखुळतो.

मराठीवरील फारसीच्या या ऋणाची पद्धतशीर नोंद करणारा 1925 चा ‘फारसी-मराठी कोश’ माधव जूलियनांचा. कवी म्हणून त्यांचा जो गौरव होतो, त्याच्या तुलनेत कोशकार म्हणून त्यांची उपेक्षाच झाली, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुण्याच्या वाढत्या वस्तीत वडगाव बुद्रुक, आंबेगाव बुद्रुक ही नावे पाट्यांवर आणि पत्त्यांत आखडू लागली आहेत. वाचकांना विनंती एवढीच, की आपल्या गावाचे नाव लिहिताना ‘बुद्रुक’ पूर्ण लिहावे.