जाहिरातीचा रुपया वसूल होतो का? एक्सेलमध्ये रिग्रेशन करून बघा



"ऑनलाइन जाहिरात टाकली की विक्री वाढते," हे आपण सगळेच म्हणतो. वाढत असेलही. पण किती? आणि त्यातलं तुमच्या हातात काय उरतं? हे अंदाजावर सोडलं तर दर महिन्याला पैसे जात राहतात आणि कळतही नाही. हे मोजायची पद्धत म्हणजे रिग्रेशन. नाव जड आहे, काम साधं आहे. एक आकडा बदलला की दुसरा सरासरी किती बदलतो, ते सांगणारी रेषा.

समजा, पाच आठवड्यांचा हिशोब असा आहे (आकडे फक्त उदाहरणाचे):

जाहिरात ₹५०० – विक्री ₹४२,०००
जाहिरात ₹१,००० – विक्री ₹४५,०००
जाहिरात ₹१,५०० – विक्री ₹४४,०००
जाहिरात ₹२,००० – विक्री ₹५०,०००
जाहिरात ₹२,५०० – विक्री ₹४९,०००

एक्सेलमध्ये काय करायचं?

फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स इथे जाऊन 'अ‍ॅनालिसिस टूलपॅक' सुरू करा. मग डेटा टॅबमध्ये 'डेटा अ‍ॅनालिसिस' आणि त्यात 'रिग्रेशन'. वाय रेंजमध्ये विक्री, एक्स रेंजमध्ये जाहिरात. ओके.

उत्तर कसं वाचायचं?

जाहिरातीचा कोएफिशियंट येतो ३.८. म्हणजे जाहिरातीच्या प्रत्येक जादा रुपयामागे विक्री सरासरी ₹३.८० ने जास्त दिसते. आर स्क्वेअर येतो ०.७८. म्हणजे विक्रीतल्या चढउतारापैकी ७८ टक्के भाग ही रेषा पकडते.

खूश झालात? थांबा. तुमचं मार्जिन २० टक्के असेल तर ₹३.८० च्या विक्रीत सुटतात ७६ पैसे. रुपया घालून ७६ पैसे! विक्री वाढली आणि तोटाही झाला. नुसतं बरोबरीत यायला कोएफिशियंट ५ हवा.

मग जाहिरात लगेच बंद करायची का? तेही नाही. त्याच ओळीत पुढे 'लोअर ९५' आणि 'अपर ९५' बघा. ०.१४ ते ७.४६! खरा आकडा ५ च्या खाली असू शकतो, वरही असू शकतो. पाच आठवड्यांच्या डेटावर एवढंच कळतं. आठवडे वाढवले की ही रेंज साधारणपणे आवळत जाते.

दोन सापळे

पहिला, दिवाळी. आपण जाहिरातही तेव्हाच वाढवतो आणि गिऱ्हाईकही तेव्हाच येतं. मग श्रेय कुणाला? सणाचा वेगळा कॉलम करा. सणाच्या आठवड्याला १, बाकीच्यांना ०. तो जाहिरातीच्या कॉलमला लागूनच ठेवा आणि एक्स रेंजमध्ये दोन्ही निवडा. याहून पक्की पद्धत म्हणजे कोणत्या आठवड्यात जास्त जाहिरात करायची ते नाणं उडवून ठरवा. मग सण, पाऊस, पगाराचा आठवडा कुठल्याही एकाच बाजूला झुकत नाहीत.

दुसरा, रेषा लांबवणं. आपला डेटा ₹२,५०० पर्यंतचा आहे. त्यावरून ₹२०,००० च्या जाहिरातीचं गणित मांडू नका. तिथे काय होईल ते या रेषेला माहीतच नाही.

या आठवड्याचं काम

वहीत तीन रकाने आखा: जाहिरात, विक्री, सण. दर रविवारी रात्री गल्ला मोजला की लगेच भरा. वर्षाचे ५२ आठवडे भरले की जाहिरातीचा निर्णय आकड्यावर घेता येईल, कुणी सांगितलं म्हणून नाही.

क्लिक कुठे करायचं ते व्हिडिओमध्ये दाखवलं आहे. अडलं तर कॉमेंटमध्ये विचारा.