पशुधन नोंदींचा डेटाबेस : नित्याच्या अडचणी आणि त्यांची उकल

बंगळूरूच्या कोरमंगला परिसराचे नाव आज प्रामुख्याने संगणक उद्योगाशी जोडले जाते. फ्लिपकार्टची सुरुवात २००७ मध्ये याच भागातील एका सदनिकेतून झाली. मात्र कोरमंगल्याला लागून असलेल्या आडुगोडीची ओळख त्याहून बरीच जुनी आणि वेगळी आहे. पशुसंवर्धन व दुग्धशास्त्राची इंपिरियल संस्था १९२३ मध्ये बंगळूरूत स्थापन झाली. १९२७ मध्ये महात्मा गांधी आणि पंडित मदनमोहन मालवीय यांनी या संस्थेत येऊन पशुव्यवस्थापनाची माहिती घेतली. अभ्यागतांच्या वहीत गांधीजींनी स्वतःची ओळख साबरमतीचा शेतकरी अशी लिहिली. तेथील ‘जिल’ नावाच्या संकरित गाईविषयी त्यांना विशेष कुतूहल वाटले होते. संस्थेचे मुख्यालय १९५५ मध्ये कर्नालला गेले आणि ती राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. आडुगोडी येथे तिचे दक्षिण प्रादेशिक केंद्र कार्यरत आहे. राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थाही १९९५ पासून याच परिसरात काम करीत आहे.

संशोधन केंद्रातील गाय नावानिशी ओळखली जाते ती तिच्या नोंदींमुळे. तिचा जन्म, तिचे मातापिता, प्रत्येक वेताचे दूध, आजार, लसीकरण या साऱ्याची नोंद पूर्वी जाड बांधणीच्या वहीत होत असे. आता ती डेटाबेसमध्ये होते. माध्यम बदलले तरी जबाबदारी बदललेली नाही. वहीतील चूक निदान डोळ्यांना दिसत असे. डेटाबेसमधील चूक मात्र नीटनेटक्या तक्त्याच्या रूपाने समोर येते आणि म्हणूनच ती लवकर ओळखू येत नाही. या लेखात पशुधन नोंदी हाताळताना वारंवार उद्भवणाऱ्या अडचणी आणि त्यांवरील उपाय यांचा विचार केला आहे. उदाहरणांतील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत.

तक्ते, ओळख आणि नाते

आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये एका शोधनिबंधातून रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. त्यांची मांडणी साधी होती. माहिती तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक ओळीला स्वतःची निश्चित ओळख असावी आणि एका तक्त्यातील ओळखीच्या आधारे दुसऱ्या तक्त्यातील माहिती शोधता यावी. माहिती यंत्रात कोठे व कशी साठवली आहे, याची चिंता विचारणाऱ्याने करू नये. पुढे १९७४ मध्ये याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच आज एसक्यूएल या नावाने सर्वत्र वापरली जाते.

पशुधनाच्या बाबतीत या ओळखीचे उत्तम उदाहरण जनावराच्या कानातील बिल्ल्यावर दिसते. त्यावरील बारा अंकी क्रमांक देशात एका जनावरासाठी एकच असतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या ‘इनाफ’ प्रणालीत आणि तिच्यानंतर आलेल्या ‘भारत पशुधन’ प्रणालीत हाच क्रमांक नोंदींचा आधार आहे. डेटाबेसच्या परिभाषेत अशा क्रमांकास प्रायमरी की म्हणतात. गाय विकली गेली, मालक बदलला, गाव बदलले, तरी तिची ओळख कायम राहते.

ज्या केंद्रात अशी ओळख ठरवून दिलेली नसते, तेथे ‘लक्ष्मी’ नावाच्या तीन गाई एकमेकींत मिसळतात. म्हणून तक्ता तयार करतानाच दोन नियम घालावेत. बिल्ला क्रमांक दुसऱ्यांदा नोंदवता येऊ नये, हा पहिला. दूध किंवा लसीकरणाच्या तक्त्यात जो क्रमांक येईल तो जनावरांच्या मूळ तक्त्यात असलाच पाहिजे, हा दुसरा. या दुसऱ्या नियमास फॉरेन की म्हणतात. नोंद करणाऱ्याच्या दक्षतेवर सारा भार टाकण्यापेक्षा चुकीची नोंद दारातच अडवणे अधिक सुरक्षित असते. बिल्ला गळून पडल्यास नवा क्रमांक द्यावा लागतो. त्या वेळी जुना क्रमांक पुसू नये. दोन्ही क्रमांकांची सांगड घालणारा स्वतंत्र तक्ता ठेवावा.

शून्य आणि रिकामी जागा

नित्याच्या चुकांमध्ये सर्वांत फसवी चूक शून्य आणि अज्ञात यांची गल्लत ही होय. एका गाईचे चार आठवड्यांतील दैनिक दूध ८, ९ आणि ७ लिटर असे तीन वेळा नोंदले गेले आणि एका आठवड्यात मोजणी झालीच नाही, असे समजू. ती जागा रिकामी, म्हणजे ‘नल’, ठेवल्यास डेटाबेस तीन नोंदींची सरासरी काढतो. ती ८ लिटर येते. तेथे शून्य लिहिल्यास सरासरी ६ लिटरवर घसरते.

हा फरक कागदापुरता राहत नाही. संकरित गाईस शरीरपोषणाव्यतिरिक्त साधारणपणे दर अडीच लिटर दुधामागे एक किलो खुराक द्यावा, असा ठोकताळा प्रचलित आहे. त्या हिशेबाने दोन लिटरच्या चुकीमुळे गाईचा रोजचा खुराक ८०० ग्रॅमने कमी होईल. गाय आटलेली असताना दूध शून्य असणे आणि मोजणी न होणे या दोन भिन्न घटना आहेत. त्यांसाठी दोन भिन्न नोंदी हव्यात. मोजणी न होण्याचे कारण लिहिण्यास वेगळा रकाना ठेवल्यास पुढील विश्लेषकाचे काम सोपे होते.

उत्तर रिकामे आले, म्हणजे काम पूर्ण झाले?

याच ‘नल’मुळे याहून गंभीर चूक घडू शकते. लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्या नियंत्रणासाठी २०१९ मध्ये राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. लाळ्या खुरकुताची लस ठरावीक अंतराने पुन्हा द्यावी लागते. त्यामुळे ‘कोणती जनावरे लसीकरणातून सुटली?’ हा प्रश्न प्रत्येक फेरीनंतर विचारला जातो.

बहुतेक जण हा प्रश्न ‘नॉट इन’ वापरून लिहितात. लसीकरणाच्या तक्त्यातील बिल्ला क्रमांकांच्या यादीत जे क्रमांक नाहीत ते दाखवा, असा त्याचा अर्थ. मराठी वाक्य म्हणून तो निर्दोष आहे. परंतु लसीकरणाच्या तक्त्यात एकाही ओळीत बिल्ला क्रमांक लिहायचा राहिला असेल, तर संपूर्ण उत्तर रिकामे येते. याचे कारण डेटाबेसच्या तर्कपद्धतीत आहे. अज्ञात क्रमांक हा तपासल्या जाणाऱ्या गाईचाच नसेल, अशी खात्री डेटाबेसला देता येत नाही. ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्यासोबत ‘माहीत नाही’ हे तिसरे उत्तर तेथे असते. ते उत्तर आले की ती गाय यादीतून वगळली जाते. अशा रीतीने एकामागून एक सर्वच सुटलेल्या गाई वगळल्या जातात.

पडद्यावर कोणतीही त्रुटी दिसत नाही. शून्य ओळींचे उत्तर येते आणि अहवालात ‘एकही जनावर शिल्लक नाही’ असे लिहिले जाते. गोठ्यात मात्र लस न मिळालेली जनावरे उभीच असतात.

यावर उपाय तिहेरी आहे. प्रश्न ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरून लिहावा. प्रत्येक जनावरासाठी जुळणारी लसीकरणाची ओळ आहे की नाही, एवढेच तो पाहतो आणि रिकाम्या क्रमांकाने त्याची दिशाभूल होत नाही. बिल्ला क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवता येणार नाही, असा नियम तक्त्यावरच घालावा. शिवाय उत्तराचा ताळेबंद मांडावा. एकूण जनावरे ४२० आणि लस दिलेली ३९५ असतील, तर सुटलेली २५ दिसलीच पाहिजेत. ती दिसली नाहीत, तर प्रश्नाची रचना तपासावी.

बेरीज फुगते तेव्हा

दोन तक्ते जोडताना होणारी चूक याच्या उलट प्रकारची असते. एका गाईच्या दुधाच्या १० नोंदी आणि उपचारांच्या ३ नोंदी आहेत. दूध आणि उपचार एकाच अहवालात हवेत म्हणून तिन्ही तक्ते एकदम जोडल्यास दुधाची प्रत्येक नोंद उपचाराच्या प्रत्येक नोंदीशी जुळते आणि ३० ओळी तयार होतात. दुधाची बेरीज तिप्पट येते. परिणामी वारंवार आजारी पडणारी गाय सर्वांत दुधाळ ठरते. अशा गाईची पैदाशीसाठी निवड झाल्यास चुकीची किंमत पुढील पिढ्यांना मोजावी लागते. म्हणून आधी प्रत्येक तक्त्यातील बेरीज स्वतंत्रपणे काढावी, प्रत्येक गाईमागे एकच ओळ उरेल असे पाहावे आणि नंतरच जोडणी करावी. जोडणीपूर्वी व जोडणीनंतर ओळी मोजण्याची सवय लावून घेतल्यास ही चूक तत्काळ उघड होते.

मराठी मजकुराच्या अडचणी

मराठीत नोंदी ठेवणाऱ्या केंद्रांना काही वेगळ्या अडचणी येतात. ‘देवणी’ आणि ‘देवनी’, ‘खिल्लार’ आणि ‘खिलार’ असे लिहिले गेल्यास वाचणाऱ्यास अर्थ कळतो. डेटाबेस मात्र त्यांना भिन्न जाती समजतो. त्यामुळे जातींची नावे हाताने लिहू देऊ नयेत. जातींचा स्वतंत्र तक्ता करून त्यातूनच निवड करण्याची सोय द्यावी.

काही वेळा फरक डोळ्यांनाही दिसत नाही. ‘ॲझोला’ या चाऱ्याच्या नावातील पहिले अक्षर एका अखंड चिन्हाने लिहिता येते, तसेच ‘अ’ला अर्धचंद्र जोडूनही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. शोध घेताना निम्म्या नोंदी सापडत नाहीत, तेव्हा अशा कारणाचाही विचार करावा आणि नोंद साठवण्यापूर्वीच एक रूप निश्चित करावे. मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसल्यास रकाना युनिकोडला अनुकूल नाही, असे बहुधा असते. तशा अवस्थेत साठवलेला मूळ मजकूर परत मिळत नाही. म्हणून ही तपासणी पहिल्याच दिवशी करावी. तारखांसाठीही मजकुराचा रकाना वापरू नये. ०३/०४ ही तारीख एकास तीन एप्रिल आणि दुसऱ्यास चार मार्च वाटते.

संथ उत्तर आणि अडलेले काम

नोंदी वाढत गेल्या की पूर्वी क्षणात मिळणारे उत्तर मिनिटे घेऊ लागते. लगेच नवीन संगणकाची मागणी करण्यापूर्वी डेटाबेस उत्तर कोणत्या मार्गाने शोधतो ते पाहावे. त्यासाठी बहुतेक प्रणालींत ‘एक्स्प्लेन’सारखी सोय असते. संपूर्ण तक्ता पहिल्या ओळीपासून वाचला जात असल्यास शोधाच्या रकान्यावर इंडेक्स तयार करावा. पुस्तकाच्या शेवटी दिलेली शब्दसूची जे काम करते तेच तो करतो. मात्र प्रत्येक रकान्यावर इंडेक्स करणेही योग्य नव्हे, कारण प्रत्येक नवीन नोंदीबरोबर सर्व सूची दुरुस्त कराव्या लागतात.

कधी काम संथ नसते, तर अडलेले असते. एका कर्मचाऱ्याने बदल सुरू करून ते कायम न करता संगणक तसाच सोडला, तर त्याच ओळी बदलू पाहणारे इतर जण खोळंबतात. बदलांचा व्यवहार म्हणूनच लहान ठेवावा. गाय एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात पाठवताना ‘गेली’ आणि ‘आली’ या दोन्ही नोंदी एकाच व्यवहारात असाव्यात. दोन्ही व्हाव्यात किंवा एकही होऊ नये. अन्यथा गाय कागदोपत्री दोन ठिकाणी असते किंवा कोठेच नसते.

राखणदाराची कर्तव्ये

नोंदी बदलताना किंवा पुसताना अट लिहायची राहिली, तर संपूर्ण तक्ता बदलतो. त्यामुळे तीच अट आधी ‘सिलेक्ट’मध्ये वापरून किती व कोणत्या ओळी येतात ते पाहावे. त्यानंतर व्यवहार सुरू करून बदल करावा, ओळींची संख्या जुळल्यावरच तो कायम करावा. न जुळल्यास मागे घ्यावा. सर्वांनी एकच पासवर्ड वापरण्याची पद्धत सोयीची वाटली तरी घातक आहे. प्रत्येकास स्वतंत्र प्रवेश आणि कामापुरतेच अधिकार असावेत. अहवाल पाहणाऱ्यास नोंद पुसण्याचा अधिकार असण्याचे कारण नाही.

बॅकअपविषयीचा गैरसमज सर्वांत महागात पडतो. त्याच संगणकावरील दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवलेली प्रत डिस्क निकामी होताच मूळ प्रतीबरोबर नष्ट होते. एकूण तीन प्रती, दोन भिन्न माध्यमांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी, हा नियम पाळावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बॅकअपमधून डेटाबेस पुन्हा उभा करून पाहावा. कधीच उघडून न पाहिलेली प्रत उपयोगी पडेलच असे गृहीत धरता येत नाही. गाईच्या एका वेताची नोंद हुकली तर त्या वेताचे दूध पुन्हा मोजता येत नाही. प्रयोग पुन्हा करता आला, तरी ते वर्ष परत येत नाही.

समारोप

वरील अडचणींपैकी बहुतेक अडचणी महागड्या यंत्रसामग्रीने सुटणाऱ्या नाहीत. ओळख निश्चित करणे, अज्ञाताला शून्य न मानणे, ओळी मोजणे, उत्तराचा ताळेबंद मांडणे आणि बॅकअप पडताळणे या शिस्तीच्या गोष्टी आहेत; जुनी नोंदवही काळजीपूर्वक लिहिणाऱ्यांनाही त्या अपरिचित नव्हत्या. डेटाबेस विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. विचारायचा प्रश्न तोच होता का, हे ठरविण्याचे काम संशोधकाकडेच राहते. त्यामुळे लसीकरणातून सुटलेल्या जनावरांची यादी रिकामी आली, तर अहवालावर स्वाक्षरी करण्यापूर्वी एकदा बेरीज जुळवावी आणि एकदा गोठ्यात जाऊन कानातील बिल्ले पाहावेत.