दोन बांबू आणि हातभर दोरी

शिबिराचा दिवस जवळ आला, की शाळेत एकच गडबड उडते. कोणाची तिवई उंच, कोणाची मांडणी देखणी, कोणाच्या तंबूपुढची कमान भारी, अशी मुलांत चढाओढ लागते. ती लागावीच. त्याशिवाय पोरांच्या हाताला वेग येत नाही. पण गुरुजी, पाहुण्यांना दाखवायची वस्तू आणि वापरायची वस्तू यांत अंतर पडले, की काय होते, ते मी एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून आज थोडे या विषयावर बोलावे म्हणतो.

रानात राहून हातांनी वस्तू करण्याचे हे शिक्षण शाळेतल्या मुलांपर्यंत आले ते स्काउट चळवळीतून. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर भरवले. तिथून ही चळवळ जगभर गेली. आपल्याकडे १९५० साली निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. पण तुमच्या शेतातला राखणीचा माळा पाहा. त्याला खिळा आहे का? नाही. कुडाची भिंत, मांडवाचा डोलारा, सगळे दोरीनेच बांधलेले. म्हणजे ही विद्या आपल्या दाराशीच होती. आपण तिला विद्या म्हणत नव्हतो, एवढेच.

आता खिळा का नको? बांबू हे झाड नव्हे, ते गवत आहे. त्याचे सगळे धागे उभे, एकाच दिशेने गेलेले. खिळा ठोकला, की तो धाग्यांच्या मधून पाचर मारल्यासारखा शिरतो आणि बांबू सरळ चिरत जातो. दोरी मात्र बांबूला सगळीकडून कवटाळते आणि भार वाटून घेते. बांध नेहमी पेराच्या गाठीजवळ घ्यावा, म्हणजे तो खाली सरकत नाही. बांबूही जून घ्यावा, निदान तीन वर्षांचा. कोवळा वाळला, की आकसतो आणि बांध सैल पडतो.

दोरीपासूनच सुरुवात करू या. अंबाडीचा किंवा घायपाताचा वाख घ्या. त्याचे दोन पेड करा. प्रत्येक पेडाला उजवीकडे पीळ द्या आणि ते दोन्ही पेड एकमेकांवर डावीकडे वळत चला. पेड उलगडू पाहतो एका बाजूला, दोरी उलगडू पाहते दुसऱ्या बाजूला. दोघांची ओढाताण होते आणि त्या ओढाताणीतच दोरी टिकते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. तो पीळ हाच, बरं का!

आता मांडणीसाठी आडवा-उभा बांध. आडवा बांबू जिथे यायचा, त्याच्या लगेच खाली उभ्या बांबूला दोरीचे दोन वेढे एकावर एक तिरके घालून टोक आत दडपा. मग दोरी आडव्याच्या पुढून वर न्या, उभ्याच्या मागून फिरवा, आडव्याच्या पुढून खाली आणा, पुन्हा उभ्याच्या मागून घ्या. असे तीन-चार फेरे एकमेकांना लागून घाला. खरे काम पुढे आहे. दोन बांबूंच्या मधल्या फटीतून, आधीच्या वेढ्यांवरच दोन-तीन आवळवेढे घ्या आणि जोर लावून ओढा. हे आवळवेढे विसरले, की बांध दिसायला छान, पण कामाला कुचकामी. शेवटी टोक पक्क्या गाठीने बसवा.

माझी चूक नेमकी इथे झाली. एका नदीकाठच्या शिबिरात आम्ही स्वयंपाकाची मांडणी पहाटे बांधली. दोरी दवाने भिजलेली होती. पाहुणे आले, त्यांनी कौतुक केले, मीही मिरवून घेतले. दुपारी तिच्यावर आमटीचे पातेले ठेवले आणि मांडणी एका बाजूला कलली. जवळच्या मुलाचा पाय पोळला. तो बरा झाला. पण त्याच्या आईपुढे उभे राहताना मला शब्द सुचला नाही. तागाची, काथ्याची, वाखाची दोरी भिजली की आखडते आणि वाळली की सैल पडते. सकाळचा घट्ट बांध दुपारच्या उन्हात ढिला झाला होता. मी तो पुन्हा चाचपून पाहिला नव्हता.

तेव्हापासून मी तीन नियम पाळतो. बांध कोरड्या दोरीने बांधायचा. दिवसातून दोनदा प्रत्येक बांध हाताने हलवून पाहायचा. आणि ठेवायच्या वजनाच्या दुप्पट पाण्याने भरलेल्या बादल्या रात्रभर टांगून ठेवल्याशिवाय कोणतीही वस्तू पाहुण्यांना दाखवायची नाही. चुलीवरून उतरलेले भांडे मात्र जमिनीवरच ठेवायचे.

आणखी काही गोष्टी मुलांना आधीच सांगा. बांबूचे बंद पेर विस्तवात टाकू नये. आतली हवा आणि ओल तापून ते फटाक्यासारखे फुटते. चुलीला नदीतले ओले दगड लावू नयेत. तेही तडकून उडतात. कण्हेरीची काडी खाण्याच्या पदार्थाला लावू नये, ती विषारी आहे. कोयता चालवणाऱ्याच्या हाताच्या टप्प्यात दुसरे कोणी नसावे आणि धार नेहमी अंगापासून बाहेर जावी.

सोपे काम हवे असेल, तर पळसाच्या पानांची पत्रावळ लावायला शिकवा. पाने मधोमध एकमेकांवर घ्यायची आणि बारीक चोयांनी टाचायची. जेवण झाल्यावर ती खताच्या खड्ड्यात जाते. लाकडासाठी हिरवे झाड तोडू नका. २०१७ साली कायदा बदलला आणि वनाबाहेरचा बांबू वृक्षांच्या व्याख्येतून वगळला गेला. तरी बांबू मालकाला विचारूनच आणावा.

आणि एक विनंती. शिबिराआधी गावातल्या बुरूडकाकांना किंवा दोर वळणाऱ्या आजोबांना एक दिवस शाळेत बोलवा. त्यांना खुर्ची द्या आणि आपण मुलांबरोबर खाली बसा. ज्या पोराला गणितात कधी शाबासकी मिळाली नाही, त्याची बोटे त्या दिवशी सर्वांत चपळ चालताना दिसतील. त्याने बांधलेल्या तिवईवर पाण्याचा हंडा ठेवा आणि सर्वांना त्यातले पाणी प्यायला द्या. त्याला दुसरे बक्षीस लागणार नाही.