पाड्यावरचा बीपी

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातला माणूस पाहिला की हृदयविकार कुणाच्या मनातही येत नाही. कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाची ही माणसं अंगाने सडपातळ. खाचरात भात, डोंगरउतारावर नागली आणि वरई, आणि सगळी कामं पायी. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या या भागात उन्हाळा लागला की विहिरी तळ गाठतात. मग बायका डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढत-उतरत राहतात. बीपी आणि शुगर ही शहरातल्या, बैठ्या कामाच्या लोकांची दुखणी, असंच सगळे धरून चालतात. आदिवासी भाग म्हटला की आरोग्य खात्याच्या डोळ्यांपुढेही वर्षानुवर्षं कुपोषण, हिवताप, बाळंतपण आणि सर्पदंश एवढंच येत राहिलं.

आकडे मात्र वेगळं सांगतात. आदिवासींच्या आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली होती. तिचा अहवाल २०१८ मध्ये आला. देशातल्या दर चार प्रौढ आदिवासींपैकी एकाला उच्च रक्तदाब आहे, असं त्यात नोंदलं आहे. पुढे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या पंधरा वर्षांवरच्या लोकांचा रक्तदाब मोजला गेला. तिथे उच्च रक्तदाबाचं प्रमाण पुरुषांत २४ टक्के आणि स्त्रियांत २१ टक्के निघालं. दोन्ही पाहण्या वेगळ्या, वयोगट वेगळे, तरी डोंगरात राहणाऱ्याला हा आजार शिवत नाही असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही.

याचा सगळ्यात ठोस पुरावा गडचिरोलीचा आहे. तिथल्या ‘सर्च’ संस्थेत डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या, सुमारे ९४ हजार लोकवस्तीतल्या प्रत्येक मृत्यूचा माग काढला. खेड्यात माणूस घरीच जातो. शवविच्छेदन नाही, कागद नाही. अशा वेळी प्रशिक्षित कार्यकर्ता घरच्यांशी बोलतो. आधी काय झालं, एक बाजू लुळी पडली का, वाचा गेली का, छातीत कळ आली का, दम किती दिवस लागत होता, हे सगळं लिहून घेतो आणि ते वाचून डॉक्टर मृत्यूचं कारण ठरवतात. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताचे निघाले, म्हणजे जवळपास दर सातवा. गावात ज्याला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, तेच मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण ठरलं. यातली बहुतेक माणसं घरीच गेली. पक्षाघाताचं सर्वांत मोठं कारण उच्च रक्तदाब, आणि तो आधी कधी मोजला गेला असता तर यातले कित्येकजण वाचले असते, हे मनाला लागल्याशिवाय राहत नाही.

सडपातळ माणसाला हे कसं होतं? याचं उत्तर शोधणारं मोठं काम पुण्याजवळच्या खेड्यांत झालं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा करत आले. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि अवयव लहान, चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या प्रमाणात वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे सारखेच दिसले. आईच्या पोटात आबाळ झालेलं शरीर बाहेरून काटक दिसतं, पण मधुमेह आणि हृदयविकार त्याला कमी वजनातच गाठतात. पेठसारख्या भागात हे विसरून चालणार नाही.

हृदयाचा धोका मोजायची आजची रीत मुळात अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातून आली. तिथे १९४८ मध्ये ५,२०९ प्रौढांची तपासणी सुरू झाली. वर्षानुवर्षांच्या त्या नोंदींमधूनच रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान हृदयाला घातक आहेत हे सिद्ध झालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुधारून दिलेले रंगीत तक्ते त्याच वाटेने तयार झाले. रक्ततपासणीची सोय नसेल तर वय, लिंग, वरचा रक्तदाब, बीएमआय आणि धूम्रपान एवढ्यावर पुढच्या दहा वर्षांतला धोका काढता येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी हे फार उपयोगाचं आहे. पण तक्ता विचारतो बिडी-सिगारेटचं. २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के होते आणि तंबाखू चघळणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के. चुना मळून गालात धरलेली तंबाखू आणि सकाळची मिश्री या तक्त्यात कुठेच येत नाही. निकोटिन तर त्यातूनही रक्तात उतरतं.

आशाताई घरोघरी भरून घेतात तो सरकारी फॉर्म या बाबतीत शहाणा आहे. त्यात गुटखा-तंबाखूचे गुण आहेत. पण कमरेच्या घेराचेही आहेत: बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषाचा ९० च्या आत असला की शून्य. आठवड्याला दीडशे मिनिटं शरीरश्रम असले तरी शून्य. पाड्यावर बहुतेकांना या दोन्ही रकान्यांत शून्यच मिळणार. गुण चारच्या वर गेले तर तपासणीला आधी बोलवायचं. खरं तर नियमाप्रमाणे तिशीपुढच्या प्रत्येकाचीच तपासणी व्हायची असते, गुण कितीही असोत. इथे तो नियम अक्षरशः पाळायला हवा.

आता प्रत्यक्ष मोजणी. ओट्यावर आशाताई किंवा नर्सताई यंत्र उघडते. डोक्यावरचा हंडा उतरवून बाई टेकते न टेकते तोच पट्टा गुंडाळला तर आकडा वर जाणारच. पाच मिनिटं शांत बसणं, पाठीला टेकण, पावलं जमिनीला टेकलेली, दंड छातीच्या पातळीला, मोजताना गप्पा नाहीत, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, हे सगळं पाळावं लागतं. घरात खुर्ची नसते. खाली बसून हात मांडीवर सैल सोडला तर आकडा फुगतो. उलट बारीक दंडावर मोठा पट्टा बांधला तर तो खऱ्यापेक्षा कमी येतो. नेहमीचा मोठ्या माणसाचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. पाड्यावरच्या कित्येक बायांचे दंड त्याहून बारीक. एका चुकीच्या पट्ट्यामुळे खरा रुग्ण ‘नॉर्मल’ म्हणून घरी जातो. म्हणून लहान पट्टा पिशवीत असणं ही साधी वाटणारी गोष्ट फार मोलाची आहे. शिवाय मोजायचं दोनदा. १४०/९० च्या वर आलं तर काही दिवसांनी पुन्हा बोलावून खात्री करायची.

साखरेचंही तसंच. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी शहरात सर्रास चालते. सिकल सेल आणि रक्तक्षय असलेल्यांच्या बाबतीत ती फसवते, कारण ती लाल पेशींच्या आयुष्यावर बेतलेली आहे. आदिवासी पट्ट्यात हे दोन्ही आढळतात, म्हणून तिथे उपाशीपोटी काढलेली साखर जास्त भरवशाची. आणि छातीला स्टेथोस्कोप लावायला विसरू नये. लहानपणी घसा धरून सांधे सुजले, दुर्लक्ष झालं आणि झडप खराब झाली, असा संधिवाती हृदयरोग गरिबांच्या वस्त्यांत होतो. ठरावीक दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेत राहिलं तर तो वाढण्यापासून रोखता येतो. बीपीच्या यंत्राला तो दिसत नाही.

‘व्यायाम करता का?’ हा प्रश्न आवणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बाईला विचारण्यात अर्थ नाही. काम किती, चालणं किती, हे ऋतूप्रमाणे विचारायला हवं आणि शक्य तर कोकणा बोलीत. मिठाचंही आडून विचारावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमची, म्हणजे सपाट चमचाभर. नागलीच्या भाकरीसोबत सुकट किंवा तिखट चटणी असली की तो चमचा कधी ओलांडला ते कळतही नाही.

निदान झाल्यावर गोळी हाताशी नसेल तर मोजणीचा उपयोग काय? या बाबतीत चांगली वाट दिसते आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला. महाराष्ट्रात त्याची सुरुवात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांत झाली. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, प्रत्येक रुग्णाचं कार्ड, गावाजवळ फुकट औषध आणि कोण आलं नाही याची विचारपूस, एवढीच त्याची पद्धत. पेठला तिच्यात एक भर घालावी लागेल. भाताची कापणी उरकली की इथली कुटुंबंच्या कुटुंबं दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. महिन्याच्या गोळ्या घेऊन गेलेला माणूस पुढचे महिने औषधावाचून काढतो. निघताना त्याला दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात आणि त्याचं पेठचं कार्ड दिंडोरीच्या उपकेंद्रातही चालावं. मग आवणीला तो परत आल्यावर मोजलेला बीपी मागच्या आकड्याशी ताडून पाहता येईल.