गॅस संपत नाही, गळतो: जुन्या एसीबद्दलचे काही गैरसमज

एप्रिल लागला की आठ-दहा वर्षांच्या एसीचे निदान बहुतेक घरांत दोनपैकी एका वाक्यात उरकते. "गॅस संपलाय," नाहीतर "कॉम्प्रेसर गेला, आता नवीनच घ्या." दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. पण एकही मोजमाप न घेता हा निकाल कोणी देत असेल, तर तो मान्य करू नये. दुरुस्त होण्यासारखी कितीतरी यंत्रे निव्वळ घाईमुळे भंगारात जातात, आणि ते टाळता येण्यासारखे आहे.

आधी गॅसचे पाहू. तो गाडीतल्या पेट्रोलसारखा जळत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरतो. खोलीतली उष्णता शोषताना त्याची वाफ होते, आउटडोअरमध्ये ती उष्णता टाकून तो पुन्हा द्रव होतो. त्यामुळे "दर उन्हाळ्यात थोडा टॉप-अप लागतोच" हा समज साफ चुकीचा आहे. गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅसही त्याच वाटेने निघून जाणार. गळती बहुधा फ्लेअर नटच्या जोडाशी, व्हॉल्व्हपाशी किंवा कॉइलवर सापडते. कोकणात, मुंबईत खारी हवा कॉइल खाते. सांडपाण्याच्या नाल्याजवळच्या घरांत हवेतला हायड्रोजन सल्फाइड तांबे काळे पाडतो आणि हळूहळू पोखरतो. नीट काम करणारा मेकॅनिक नायट्रोजनचा दाब देतो, जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहतो, गळती बंद करतो, मग व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढतो. शेवटी यंत्राच्या पट्टीवर जेवढे ग्रॅम लिहिले असतील तेवढा गॅस वजनकाट्यावर मोजून भरतो. व्हॅक्यूम टाळला तर हवा आणि ओल आतच राहते आणि तक्रार परत येऊ शकते.

"जुना गॅस आता मिळतच नाही," हेही पुष्कळदा ऐकवले जाते. आर-२२ हा जुना गॅस ओझोनच्या थराला घातक असल्यामुळे तो वापरणारी नवी उपकरणे बनवायला भारतात १ जानेवारी २०२५ पासून बंदी आहे. मात्र जुन्या यंत्रांच्या देखभालीसाठी तो वापरायला बंदी नाही. त्याच्या जागी मिळेल तो गॅस भरणे मात्र कधीही खपवून घेऊ नये. आर-४१०ए सुमारे दीडपटीहून जास्त दाबावर चालतो आणि त्याला वेगळे तेल लागते. आर-२९० म्हणजे तर चक्क प्रोपेन. त्यासाठी न बनवलेल्या यंत्रात तो भरणे म्हणजे घरात आगीचा धोका आणणे.

आता कॉम्प्रेसर. आउटडोअरजवळ कान देऊन उभे राहा. काही सेकंद जड घुंघुं ऐकू येते, मग 'कट्' असा आवाज आणि शांतता. पंखा फिरतोय, कॉम्प्रेसर उठत नाही. काही मिनिटांनी पुन्हा तेच. यावरून "कॉम्प्रेसर जाम झाला" असे सांगितले जाते, पण साध्या, बिगर-इन्व्हर्टर एसीत पहिला संशय कॅपॅसिटरवर घ्यावा. ही अॅल्युमिनियमची डबी तापलेल्या पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षे शिजत असते. तिच्यावर ४५ मायक्रोफॅरड लिहिलेले असते आणि मीटर ३० दाखवतो, किंवा तिचा माथा फुगलेला असतो. काहीशे रुपयांचा हा भाग बदलला की अनेकदा यंत्र पहिल्यासारखे सुरू होते. फक्त हे काम घरच्या घरी करू नका. मेन स्विच बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये जोरदार शॉक देण्याइतका भार शिल्लक असतो.

कॅपॅसिटर ठीक निघाला, तरी लगेच निकाल लावू नये. कॉम्प्रेसरला कॉमन, स्टार्ट आणि रन अशा तीन पिना असतात. कॉमन-रन आणि कॉमन-स्टार्ट या दोन रोधांची बेरीज स्टार्ट-रनच्या रोधाइतकी येत असेल आणि पिनेपासून धातूच्या अंगापर्यंत वीज पोहोचत नसेल, तर वाइंडिंग बहुधा शाबूत आहे. तापलेल्या कॉम्प्रेसरमध्ये वीज तोडणारा आतला ओव्हरलोड स्विच सुटलेला असू शकतो आणि मीटरवर वाइंडिंग तुटल्यासारखे दिसते. कॉम्प्रेसर पूर्ण निवू द्यावा आणि मग पुन्हा मोजावे. या एका चुकीपायी चांगले कॉम्प्रेसर उगाच बदलले जातात. गावाकडे उन्हाळ्यात व्होल्टेज पडते तेव्हाही कॉम्प्रेसर असाच अडखळतो, म्हणून सॉकेटवरचे व्होल्टेज आधी बघायला सांगावे.

इनडोअरमधून पाणी गळत असेल तर बहुतेक वेळा ड्रेन पाइप तुंबलेला असतो. कॉइलवर बर्फ धरला म्हणजे एसी जोरात थंड करतोय असेही नव्हे. फिल्टर धुळीने भरलाय किंवा गॅस कमी झालाय, याची ती खूण आहे. १६ अंशांवर ठेवल्याने साधा एसी लवकर थंड करत नाही. त्याचा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण वेगाने चालतो, नाहीतर बंद असतो.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. नागपुरात पारा ४५ वर गेला की तेच यंत्र कमी थंडावा देते आणि जास्त वीज ओढते. हा बिघाड नव्हे. आउटडोअर धुऊन घ्या, तो अरुंद डक्टमध्ये कोंडलेला नाही ना ते पाहा. मग इनडोअरमध्ये शिरणाऱ्या आणि जाळीतून बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान थर्मामीटरने मोजा. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक मिळत असेल, तर गॅस भरायची गरज सहसा नसते.

"नवा फाइव्ह स्टार घेतला की पैसे वसूल," हा हिशेब घरागणिक बदलतो. लेबलवरचे वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. समजा, जुन्याच्या जागी नवा घेऊन तासाला ०.७ युनिट वाचले आणि युनिटचा दर १० रुपये आहे. उन्हाळ्याचे तीन महिने रोज आठ तास एसी लावणाऱ्या घरात वर्षाला सुमारे पाच हजार रुपये वाचतील. ४५ हजारांचा एसी वसूल व्हायला नऊ वर्षे लागतील. मुंबईत आठ-नऊ महिने एसी चालत असेल, तर तीच रक्कम तीन-चार वर्षांत निघते आणि तिथे नवा घेणे शहाणपणाचे ठरते.

काही वेळा दुरुस्तीचा हट्ट खरोखरच सोडावा लागतो. आर-२२च्या यंत्रात वाइंडिंग जळून वीज धातूच्या अंगाला लागत असेल, किंवा कॉइलला एक छिद्र बुजवल्यावर दुसरे उघडत असेल, तर त्यावर आणखी खर्च करू नये. पण जुने यंत्र काढताना नट सैल करून गॅस हवेत सोडू देऊ नका. एक किलो आर-२२ हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता कोंडली जाते. रिकव्हरी मशीनने गॅस सिलिंडरमध्ये परत घेता येतो. ती सोय असलेल्या मेकॅनिकला बोलवा आणि यंत्र नोंदणीकृत ई-कचरा केंद्रातच द्या.